ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल घरी बदलायचं तर

इंजिन ऑइल स्वतः बदलायला शिकलेला माणूस पुढे कधीतरी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सकडे वळतोच. मीही तसाच वळलो. पाने बहुतेक तेच लागतात, पण इंजिनात ऑइल थोडं कमीजास्त झालं तरी सहसा निभावतं, इथे निभावत नाही. या ऑइलच्या दाबावर आतले क्लच धरतात आणि सुटतात, टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनाची ताकद तेच पुढे नेतं, आतली उष्णताही तेच बाहेर काढतं. पातळी खाली गेली की पंप हवा ओढतो आणि क्लच घसरतात. पातळी वर गेली की फिरणारे भाग ऑइल घुसळून त्याचा फेस करतात, आणि फेसाला दाब धरता येत नाही. म्हणून आपल्या गाडीत पातळी कशी बघतात हे आधी मॅन्युअलमध्ये वाचा. ते नीट समजल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नका.

डिपस्टिक, म्हणजे पातळी बघायची पट्टी, असेल तर काम सोपं. बहुतेक गाड्यांत ऑइल गरम असताना, इंजिन चालू ठेवून, गिअर पार्कमध्ये ठेवून बघतात. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत मात्र इंजिन बंद केल्यावर लगेच बघायचं असतं. अलीकडच्या कित्येक गिअरबॉक्सना डिपस्टिकच नसते, खाली एक ओव्हरफ्लो प्लग असतो. ऑइल ठरावीक तापमानाला असताना, इंजिन चालू ठेवून तो उघडायचा आणि धार बारीक होऊन थेंब पडू लागले की बंद करायचा. ही तापमानाची मर्यादा प्रत्येक गिअरबॉक्सची वेगळी असते आणि फार अरुंद असते, त्यामुळे ऑइलचं तापमान दाखवणारा स्कॅनर हवाच. गाडीही पुढून-मागून सारख्या उंचीवर हवी, पुढची चाकं तेवढी उचलून चालत नाही. मी पाणसळ लावून बघतो. गाडी चार भक्कम स्टँडवर हवी, नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली कोणत्याही कारणाने जाऊ नका.

ऑइल निवडताना रंगावर जाऊ नका. लाल ऑइल म्हणजे सगळं सारखं असं नसतं, लाल हा नुसता मिसळलेला रंग आहे. डेक्स्रॉन सहा, मर्कॉन एलव्ही, टोयोटाचं डब्ल्यूएस, होंडाचं डीडब्ल्यू-१ ही वेगवेगळी मानकं आहेत. त्यांचा पातळपणा आणि क्लचला मिळणारं घर्षण त्या त्या गिअरबॉक्ससाठी ठरवलेलं असतं. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला गिअरबॉक्स) किंवा ड्युअल क्लच (दोन क्लचचा गिअरबॉक्स) असेल तर त्यांचं ऑइल निराळंच. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं लिहिलेला डबा मी घेत नाही.

आता प्रत्यक्ष काम. ऑइल भरायचा प्लग आधी सैल करून बघा, ड्रेन प्लग नंतर. भरायचा प्लग गंजून अडकला असेल आणि ऑइल आधीच काढून टाकलं असेल, तर गाडी जागची हलवता येत नाही. थोडी गाडी चालवून ऑइल कोमट झालं की काढा. कडक गरम ऑइल आणि सायलेन्सरचा पाइप दोन्ही भाजतात. निघालेलं ऑइल मापाच्या भांड्यात धरा आणि आकडा लिहून ठेवा. पातळी आधी बरोबर होती असं गृहीत धरलं, तर तेवढंच नवं ऑइल भरून सुरुवात करायची असते.

मला या कामात सगळ्यात जास्त शिकवलं ते पॅनमधल्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइलच्या तबकातल्या, चुंबकाने. त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर असेल तर ती नेहमीची झीज. बोटांना टोचणारे कण किंवा धातूचे तुकडे दिसले तर गिअरबॉक्सच तपासून घ्यावा लागतो, नुसतं ऑइल बदलून भागत नाही. ऑइल दुधाळ गुलाबी झालं असेल तर त्यात कूलंट शिरलंय, अशी गाडी चालवूच नका. जळका वास आणि काळा रंग म्हणजे क्लच तापलेत.

ड्रेन प्लगमधून सगळं ऑइल निघत नाही, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बरंच अडकून राहतं. समजा एकूण ८ लिटर आहे आणि ३ लिटर निघालं. एकदा बदलल्यावर नवं ऑइल ३७ टक्क्यांच्या आसपास, मध्ये गाडी चालवून दुसऱ्यांदा बदललं की ६१, तिसऱ्यांदा ७५ च्या थोडं वर. हा सावकाश मार्ग मला दाबाने फ्लश करण्यापेक्षा, म्हणजे मशीनने जुनं ऑइल एकदम ढकलून काढण्यापेक्षा, बरा वाटतो, विशेषतः ऑइल वर्षानुवर्षं बदललेलंच नसेल तेव्हा. गिअर आधीच घसरत असतील तर मात्र घरी हात लावू नका, आधी निदान करून घ्या.

‘आयुष्यभराचं ऑइल’ या शब्दांवर मी विसंबत नाही. कित्येक कंपन्यांच्या गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरदरम्यान ऑइल बदलायला सांगते.

ड्रेन प्लगचा वॉशर नवा घाला. पॅन उतरवला असेल तर गॅस्केटही नवं हवं, आणि बोल्ट टॉर्क पान्यानेच (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळा. गिअरबॉक्सचं अंग बहुधा ॲल्युमिनियमचं असतं, जोर केला की आटे जातात. मग मोजलं होतं तेवढं नवं ऑइल भरा, इंजिन चालू करा आणि ब्रेक दाबून धरून प्रत्येक गिअरमध्ये काही सेकंद थांबत लीव्हर फिरवा, ऑइल सगळीकडे पोचू द्या आणि तेव्हाच पातळी बघा. पुढचे काही दिवस गाडी उभी राहते तिथली जमीन सकाळी तपासत जा. जुनं ऑइल झाकणाच्या डब्यात भरून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्यांकडे द्या.