लिम्फोमाच्या पेट स्कॅनवर काम सुरू करताय? आधी इंजेक्शनची वेळ बघा

पेट-सीटीवरून लिम्फोमाला (लसिकाग्रंथींच्या कॅन्सरला) उपचार लागू पडणार का हे सांगणारं मॉडेल करायचंय, असं विचारणारी पोरं आता कुडाळ, कणकवलीतूनही भेटतात, बरं वाटतं. एफडीजी (स्कॅनआधी टोचतात ती किरणोत्सारी साखर) काय, डोव्हिलचा १ ते ५ स्कोर (गाठ किती उजळ दिसते त्याचा) कसा देतात हे तुम्हाला माहीत असणारच. माझे आठ महिने कशात गेले तेवढंच सांगते.

डिकॉम फाइलमधला (स्कॅन ज्या फाइलीत येतो तिच्यातला) आकडा म्हणजे एसयूव्ही नव्हे, म्हणजे डोस आणि वजनाच्या हिशोबात गाठीने किती एफडीजी ओढलं तो आकडा नव्हे, तो बहुतेक वेळा बेकरेल प्रति मिलिलिटर असतो. त्याला डोसने भागायचं, वजनाने गुणायचं, हे सगळीकडे लिहिलेलं असतं. पण डोस कधीचा? एफडीजीतलं किरणोत्सारी फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. मालवण बंदरावरून सुरमईची पेटी निघते तेव्हा बर्फ किती घातला हे लिहिलेलं असतं, पण पेटी उघडताना किती उरलाय त्यावर माशाची गत कळते ना, तसंच हे. मी इंजेक्शन देतानाचाच आकडा धरून बसले होते.

होतं काय बघा. गाठीचा खरा एसयूव्ही ६ आहे. इंजेक्शननंतर ६० मिनिटांनी स्कॅन झाला तर माझ्या कोडमध्ये तो ४.१ दिसायचा, ९० मिनिटांनी झाला तर ३.४. आणि गाठी आखायला मी ४ ची रेषा लावलेली, त्याखालचं सोडून द्यायचं! म्हणजे जो पेशंट जास्त वेळ बसला त्याची गाठच गायब, एकूण ट्यूमर व्हॉल्यूम कमी, आणि मॉडेल म्हणतंय याला उपचार छान लागू पडेल. आजाराबद्दल ते काही शिकतच नव्हतं, कोण किती वेळ बसला तेच शिकत होतं.

आमच्या वाडीतले एक काका तुतारी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून उपाशीपोटी मुंबईला स्कॅनला गेले होते, परत आल्यावर म्हणाले, "इंजेक्शन देऊन माका दीड तास बसवून ठेवल्यानी." तेव्हा ऐकून सोडून दिलं, त्याचा अर्थ नंतर लागला.

चूक पकडली ती पेटच्या टेक्निशियन ताईंनी. माझे आकडे बघून म्हणाल्या, यकृत १.४ कसं काय सगळ्यांचं, साधारण २ च्या आसपास यायला हवं. डोव्हिलमध्ये गाठ त्याच स्कॅनमधल्या यकृताशी ताडतात, गुणोत्तर बदलत नाही, म्हणून तिथे ही चूक लपून राहते. माझे गाइड आठ महिने फक्त एयूसी (मॉडेलचे अंदाज किती जमले त्याचा गुण) किती आला विचारत होते, एकदाही कच्चा स्कॅन उघडायला सांगितला नाही. म्हणून माझं ठाम मत आहे, सर्टिफिकेटच्या कोर्सवर पैसे घालू नका, दोन दिवस टेक्निशियनच्या शेजारी बसा.

आणि उलट्या बाजूनेही फसू नका. डिकॉमच्या हेडरमध्ये डिके करेक्शन (किरणोत्सार घटल्याची भरपाई) स्टार्ट आहे की ॲडमिन ते वाचा. स्टार्ट असेल तर डोस स्कॅनच्या वेळेपर्यंत उतरवायचा, ॲडमिन असेल तर पिक्सेल आधीच इंजेक्शनच्या वेळेला आणलेले असतात, तेव्हा डोसही उतरवलात तर एसयूव्ही उगाच फुगतो. स्कॅनची वेळ म्हणून हेडरमधल्या सिरीज टाइमवरही डोळे झाकून विसंबू नका, नंतर प्रोसेस केलेल्या सिरीजला वेगळीच वेळ लागलेली असू शकते.

घाबरू नका पण, खरंच. मोठं मशीन लागत नाही, थ्रीडी स्लायसर हे स्कॅन बघायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, मी घरीच साध्या लॅपटॉपवर करते, पावसात लाइट गेली तर थांबते. सरावाला ऑटोपेटचा एफडीजी डेटा (आधीच गाठी आखलेल्या स्कॅनचा संच) घ्या, त्यात उपचाराचा निकाल नाही, पण गाठी आखायला हात बसतो. तिथे एसयूव्ही आयता मिळतो, म्हणून स्वतःच्या हॉस्पिटलचा डेटा आला की पहिल्यांदा ठेच लागते. आणि त्यात स्कॅन १०१४ असले तरी पेशंट ९००च आहेत, तेव्हा ट्रेन-टेस्ट (मॉडेलला शिकवायचा आणि तपासायचा डेटा) पेशंटनुसारच वेगळं करा. एकाच पेशंटचा उपचाराआधीचा स्कॅन इकडे आणि उपचाराच्या दोन सायकलनंतरचा तिकडे असं झालं तर निकाल फेकून द्या.

आता नवीन डेटा आला की आधी प्रत्येकाच्या यकृताच्या उजव्या भागात ३ सेंटीमीटरचा गोळा आखते आणि सरासरी वहीत लिहिते. या खेपेला दोघांचं अजून १.४ येतंय, त्यांच्या इंजेक्शनच्या वेळा मागवल्यात.