किडनी बदलल्यावर नायटा झाला तर काय करायचं

माझ्या अंगात आठ वर्षांपासून आईची किडनी आहे. राधानगरीच्या पावसात भात लावणारा माणूस मी. जांघेतला नायटा, पायाच्या बोटांतल्या चिखल्या यांना आमच्या घरात कुणी आजारच मानत नाही. ऑपरेशननंतर मात्र तेच दुखणं अंगाशी येतं.

दुसऱ्या वर्षी श्रावणात जांघेत खाज सुटली. मेडिकलमधून ट्यूब आणली. चार दिवसांत लाली गेली आणि महिनाभरात नायटा पोटापर्यंत चढला. त्याची गोल, उठून दिसणारी कडही पुसट झाली होती. ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासोल हे कडक स्टिरॉइड होतं. किडनी टिकावी म्हणून आपली प्रतिकारशक्ती औषधांनी आधीच दाबलेली असते, त्यात वरून स्टिरॉइड चोळलं की बुरशीला रानच मोकळं. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन लिहिलेलं दिसलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना त्या जागी काही फासून जाऊ नका. माझ्या नायट्याची कड त्यांनी ब्लेडनं हलकेच खरवडली, कोंडा काचेवर घेतला आणि त्यावर केओएच या कोंडा विरघळवणाऱ्या द्रावणाचा थेंब टाकला. थोड्या वेळानं मलाही सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. फांद्या फुटलेले, काचेसारखे बारीक धागे होते, तीच बुरशी. दोन मिनिटांचं काम आहे, दुखत नाही. ते करून मागाच.

पुढची चूक मात्र महागात गेली. बुरशीवरच्या इट्राकोनॅझोलच्या गोळ्या सुरू झाल्या आणि मी किडनीच्या डॉक्टरांना कळवलं नाही. आठवड्यानं हात इतका थरथरायला लागला की चहा बशीत सांडायचा. किडनी टिकावी म्हणून मी घेतो त्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातली लेव्हल एरवी सहा-सातच्या आसपास असते, ती १८ आली होती आणि किडनीवर ताण आला की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन १.३ वरून २.१ वर गेलं होतं. इट्राकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल ही औषधं यकृतात टॅक्रोलिमस मोडू देत नाहीत, म्हणून ते रक्तात साठत जातं. त्यामुळे पोटात घ्यायची बुरशीची गोळी लिहून मिळाली की ती गिळण्याआधी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना फोन करा. टॅक्रोलिमसचा डोस किती कमी करायचा आणि लेव्हल कधी तपासायची, ते तेच सांगतील. लेव्हलचं रक्त सकाळची टॅक्रोलिमसची गोळी घेण्याआधी द्यायचं. आणि बुरशीची गोळी बंद होते तेव्हाही पुन्हा तपासा, कारण मग लेव्हल खाली घसरते आणि शरीर किडनी नाकारण्याची भीती असते. स्वतःच्या मनानं कुठलीच गोळी कमी-जास्त करू नका.

घरातलं साधंच आहे. आंघोळीनंतर वेगळ्या पंचानं जांघा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. पावसाळ्यात आतले कपडे वाळले तरी इस्त्री फिरवून घाला. घरात आणखी कुणाला नायटा असेल तर त्याचेही उपचार एकदमच व्हायला हवेत. आमच्याकडे धाकट्या भावाचा राहिला होता, तोच फिरून माझ्याकडे आला.

शेतात अनवाणी जाणं मी पूर्ण सोडलं. मातीतली बुरशी काट्यानं आत शिरते आणि कित्येक महिन्यांनी तिथे न दुखणारी गाठ येते. ती फोडू नका, शेकू नका. तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढायचा ठरला तर तो कल्चरलाही, म्हणजे बुरशी उगवून ओळखायच्या तपासणीलाही, जाणार आहे ना, हे आधी विचारा. सगळा तुकडा फॉर्मलीन या तुकडा टिकवायच्या रसायनात पडला की बुरशी मरते, मग कल्चरमध्ये काही उगवत नाही. कातडी काळी पडायला लागली, जखम तासातासाला पसरतेय असं वाटलं किंवा गाठीसोबत ताप आला, तर सकाळची वाट बघू नका. रात्र असली तरी गाडी काढा आणि औषधांची पिशवी सोबत घ्या.