बंदराची खोली कशी वाचावी : हॅम्बुर्गचा हिशेब

शिपिंगमध्ये नव्याने आलेली मंडळी बंदराच्या खोलीचा एक आकडा पाठ करतात आणि तिथेच फसतात. खोली वेगळी, ड्राफ्ट वेगळा. ड्राफ्ट म्हणजे जहाज पाण्यात किती बुडालंय ते. त्याच्या खाली राखायचं पाणी निराळं मोजायचं.

हॅम्बुर्ग घ्या. समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत, एल्ब नदीवर. २०२२ च्या जानेवारीत नदी खोल करून झाली तेव्हा भरतीची वाट न पाहता १३.५ मीटर आणि भरती साधून १४.५ मीटर ड्राफ्ट मिळणार होता. वर्ष सरता सरता गाळ इतका साचला की ही वाढ बरीचशी मागे घ्यावी लागली. इकडे २४,००० टीईयूचं (एक टीईयू म्हणजे एक वीस फुटी कंटेनर), ६१ मीटर रुंद जहाज पूर्ण भरलं की १६ मीटरच्याही खाली बसतं.

फरक किती? अशा जहाजाला एक सेंटिमीटर बुडवायला साधारण १९० टन लागतात असं धरा (यालाच टीपीसी म्हणतात). मीटरभर ड्राफ्ट गेला की १९,००० टन माल गेला. टीईयूमागे १२ टन धरले तर जवळपास १,६०० टीईयू धक्क्यावरच!

नवखे हमखास विसरतात ते गोडं पाणी. ते समुद्राच्या पाण्यापेक्षा हलकं, म्हणून नदीत जहाज जास्त बुडतं. विस्थापनाला, म्हणजे मालासकट जहाजाच्या टनांमधल्या एकूण वजनाला, टीपीसीच्या चौपटीने भागा, उत्तर मिलिमीटरमध्ये येतं. २,४०,००० भागिले ७६०, म्हणजे समुद्रातल्या ड्राफ्टवर सुमारे ३२ सेंटिमीटरची भर. मग स्क्वॅट, म्हणजे चालत्या जहाजाचं खाली बसणं : ब्लॉक गुणांक (बुडालेला भाग त्याच लांबी-रुंदी-खोलीच्या चौकोनी ठोकळ्याचा किती हिस्सा भरतो ते) गुणिले नॉटमधल्या वेगाचा वर्ग, भागिले १००. गुणांक ०.६६ आणि वेग १२ नॉट असेल तर उघड्या पाण्यात ०.९५ मीटर, अरुंद पात्रात त्याच्या दुप्पट. १० नॉटवर आलात तर अरुंद पात्रातही १.३ मीटरवर भागतं, पण मग भरती हुकायची भीती. आत येणारं जहाज भरतीच्या लाटेबरोबर चालतं. बाहेर पडणाऱ्याला वाटेत ओहोटी गाठते. म्हणून निर्यातीचा जड माल भरून निघणं जास्त अवघड.

स्पर्धेवर याचा परिणाम सरळ होत नाही. मोठं जहाज हॅम्बुर्ग सोडून देत नाही, क्रम बदलतं. आशियाकडून आलेलं जहाज आधी रॉटरडॅमला, खोल पाण्यात, हलकं होतं आणि मग एल्बमध्ये शिरतं. परतीचा शेवटचा थांबाही खोल बंदराकडे जातो. पहिल्या बंदराला आयातीचा माल लवकर मिळतो, शेवटच्याला निर्यातदार उशिरापर्यंत कंटेनर देऊ शकतो. नदीवरचं बंदर मधल्या मध्ये अडकतं.

तरी नुसती खोली पुरत नाही. जर्मनीतल्याच विल्हेल्म्सहाफेनचं, समुद्राजवळचं खोल पाण्यातलं बंदर २०१२ मध्ये सुरू झालं, १८ मीटर पाणी, भरतीची कटकट नाही. तरी पहिली काही वर्षं धक्के ओसच होते. हॅम्बुर्गकडे रेल्वेचं जाळं आणि मागे मोठी बाजारपेठ होती.

आपल्या पालघरमधल्या वाढवण बंदराला ही नदी नाही, तेव्हा गोड्या पाण्याची भर धरू नका. पण तिथले २० मीटर चार्ट डेटमखालची (म्हणजे नकाशातली खोली जिथून मोजतात त्या, सगळ्यात खालच्या ओहोटीच्या आसपासच्या पातळीखालची) खोली म्हणून सांगितलेत की ड्राफ्ट म्हणून, हे आधी विचारा.