फिल्मवरून डिजिटलवर येताना: मॅन्युअल ठेवू की ऑटो?

मी शिकलो निकॉन एफएम२ वर. व्ह्यूफाइंडरमध्ये अधिक, शून्य आणि वजा असे तीन लाल दिवे, बाकी सगळं आपल्याच हातात, बॅटरी फक्त मीटरसाठी, म्हणजे प्रकाश मोजायला. कलर निगेटिव्हला एखादा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त झाला तरी लॅबवाला प्रिंटमध्ये सांभाळून घ्यायचा, कमी पडला तर मात्र सावल्या मातकट यायच्या, म्हणून हाताला सवय लागली की थोडं जास्तच द्यायचं. तीच सवय घेऊन डिजिटलवर पहिलं लग्न केलं आणि फोटोत अंतरपाट पूर्ण जळाला, म्हणजे नुसता पांढराफटक झाला, कुंकवाचं स्वस्तिक तेवढं राहिलं, कापडाचा पोत गेलाच. जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने दाबून तयार केलेल्या फाइलमध्ये, शूट केलेलं, एडिटिंगला कितीही खाली ओढलं तरी नुसता राखाडी रंग. फार वाईट वाटलं, कारण तो क्षण परत येत नाही. तेव्हापासून डिजिटलवर आधी उजळ भाग बघतो, सावल्या नंतर, आणि रॉ मध्येच, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती राखणाऱ्या फाइलमध्येच, काढतो.

आता ऑटोचं. मीटर कितीही हुशार असलं तरी समोर पांढरं आहे की काळं हे त्याला नक्की कळत नाही, ते सगळं मधल्या राखाडीकडे ओढतं. वारीत पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्यांनी फ्रेम भरली की फोटो डार्क येतो, तिथे कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या मापात आपण केलेला बदल, +१ स्टॉप द्या. नाटकाच्या स्टेजवर मागे काळोख आणि चेहऱ्यावर स्पॉट असेल तर उलटं, −१ किंवा त्याहूनही खाली, नाहीतर चेहरा जळतो.

माझा हिशोब असा आहे की लाइट तोच आणि माणसं बदलतायत, म्हणजे मांडवातले विधी, तर मॅन्युअल, म्हणजे पांढरी साडी आली काय आणि काळा कोट आला काय, एक्सपोजर हलत नाही. तळहातावर त्याच लाइटमध्ये मीटर घ्या आणि साधारण एक स्टॉप वाढवा, ही फिल्मवाल्यांची जुनी युक्ती आजही चालते. उघड्या उन्हात तर मीटरही लागत नाही, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ १६, शटर १/१२५ सेकंद. वरातीत मात्र दर चार पावलांवर लाइट बदलतो, तिथे अॅपर्चर प्रायॉरिटी (छिद्र आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) लावा आणि अंगठा कॉम्पेन्सेशनवर ठेवा.

आणि हो, डायल एम वर आहे पण ऑटो आयएसओ चालू आहे, तर ते मॅन्युअल नाहीच, मीटरच ठरवतंय, नवीन मुलं इथे हमखास फसतात. स्क्रीनवरही विसंबू नका, उन्हात फोटो डार्क दिसतो आणि रात्री उजळ, हिस्टोग्राम (फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा आलेख) बघा आणि हायलाइट वॉर्निंग (जळलेले भाग लुकलुकवून दाखवणारी सोय) आजच चालू करून टाका.