फळी मध्येच पातळ निघत होती: माझा अनुभव

आंब्याच्या ओंडक्यातून इंची फळी काढताना आडव्या बँडसॉचा (पट्टा-करवतीचा) दातेरी पट्टा मध्यावर वर चढायचा. फळी कडेला इंच, मध्ये पाऊण. पट्ट्याचा ताण वाढवूनही फरक शून्य. दोष दातांत होता. पट्ट्याचे काही दात किंचित वर, काही किंचित खाली वाकवलेले असतात. वरच्या बाजूला वाकवलेले दात ०.५ मिमी बाहेर, खालचे जेमतेम ०.३. जिकडे दात जास्त बाहेर, पट्टा तिकडेच ओढतो. दोन्ही बाजू ०.५ वर आणल्या, मग धार लावली. (आधी धार लावली तर वाकवताना ती बोथट होते.) चीक धरू नये म्हणून पट्ट्यावर साबणाचं पाणी, थेंब थेंब. काम संपलं की पट्टा सैल करायचाच, नाहीतर दातांच्या मुळाशी चिरा जातात.

बिघडलेल्या फळ्यांचे वीतभर तुकडे करून सरपण म्हणून विकायला अंगठ्याएवढ्या ढलप्या फोडल्या आणि वाळायला वाऱ्याला छपराखाली रचल्या. ओली ढलपी चुलीत नुसती धुमसते; गिऱ्हाईक परत येत नाही.