तिरफळ घालताय? मग दुधाळ जिनची तयारी ठेवा

आधी परवान्याचं. कुकरला नळी जोडून घरी जिन गाळणं महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. गोव्यातही उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याशिवाय भट्टी लावता येत नाही. शिकायचं ते परवाना असलेल्या डिस्टिलरीतच, आणि पुढचं सगळं तिथे पॉट स्टिलसमोर, म्हणजे मद्य गाळायच्या भांड्यासमोर, नव्याने उभं राहणाऱ्यांसाठी.

रानातलं सगळंच वाफेबरोबर वर चढत नाही. कोकमाचा मोह सगळ्यांना होतो, पण त्याचा रंग आणि आंबटपणा उडून जाणारे नाहीत, ते भांड्यातच राहतात. किलोभर आमसुलं घातली तरी नळीतून पाण्यासारखीच जिन येणार. लाल हवी तर गाळल्यावर आमसुलं भिजवा, पण मग लेबलवर 'लंडन ड्राय' लिहायचं विसरा, त्या प्रकारात गाळल्यावर रंग-चव घालता येत नाही. तिरफळाची जिभेवरची झिणझिणीही अशीच मागे राहते. येतो तो फक्त टरफलातला लिंबासारखा हिरवट वास. बांगड्याच्या तिखल्याला घेतो तसंच, काळं बी फेकून टरफल तेवढं घ्यायचं.

जिनला जिनपण देणारं जुनिपरचं फळ कोकणात होत नाही. 'हापुसा' ही गोव्यातली जिन हिमालयातल्या जुनिपरवर उभी आहे, आणि तिचं नावही संस्कृत 'हपुषा'वरून आलंय. पण काष्ठौषधींच्या दुकानात जुनिपर म्हणून मिळणारं 'हाऊबेर' डोळे मिटून उचलू नका. जात कुठली ते लेखी घ्या, कारण जुनिपरस सबायना विषारी आहे.

50 लिटरच्या तांब्याच्या स्टिलला 40 लिटर भरणा पुरे: 96 टक्क्यांचं ईएनए (शुद्ध, बिनवासाचा मद्यार्क) 20.8 लिटर, बाकी आरओचं पाणी, ताकद 50 टक्के. लिटरला 25 ग्रॅम मसाला धरला की एक किलो होतो: जुनिपर 600 ग्रॅम, धने 240, अँजेलिकाचं मूळ 50, नागरमोथा 40, तिरफळाची टरफलं 25, वाळलेली लिंबाची साल 25, तमालपत्र 20. जुनिपर, धने आणि मुळं 12 तास भिजवा. तिरफळ आणि साल आच द्यायच्या आधी. पहिले 250 मिली बाजूला काढा, मग हार्ट्स, म्हणजे ठेवायची मधली धार. नळीवरची ताकद 62-63 टक्क्यांवर आली की थांबा. साधारण 20 लिटर हार्ट्स, सरासरी 78 टक्के. मे महिन्यात वाफ थंड करायचं टाकीचं पाणी 32 अंशांवर जातं, तेव्हा ते गार करणारा चिलर नसेल तर आच लावूच नका. कंडेन्सर तापला की मद्याची वाफ खोलीत पसरते.

इथवर बहुतेकांचं ठीक चालतं. फसतात ते पाणी घालताना. 78 टक्क्यांवर काचेसारखी दिसणारी जिन 42.8 वर आणली की ताकासारखी होते. कारण साधं आहे. तिरफळ, लिंबाची साल आणि जुनिपर यांची तेलं मद्यात विरघळतात, पाण्यात नाही. मद्य कमी पडलं की ती सूक्ष्म थेंबांनी बाहेर येतात. त्यात पुन्हा बहुतेक अल्कोहोलमीटर 20 अंशांना जुळवलेले असतात. 31 अंशांच्या खोलीत मीटर 42.8 दाखवतो तेव्हा खरी ताकद 39 च्या आसपास असते. म्हणजे पाणी जास्तच पडलं, आणि दुधाळपणाही वाढला.

म्हणून हार्ट्स एका पिंपात सोडू नका. अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या बरण्यांत, नंबर घालून घ्या. प्रत्येकीतले 55 मिली आणि गार पाणी 45 मिली एका नळीत मिसळा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी मागे वर्तमानपत्र धरा. अक्षरं धूसर दिसली तर ती बरणी दोषी. सुरुवातीच्या बरण्या धूसर असतील तर तिरफळ किंवा साल जास्त झाली, शेवटच्या असतील तर टेल्समध्ये, म्हणजे टाकायच्या शेवटच्या धारेत शिरलात.

घाबरू नका, दुधाळ जिन वाया गेलेली नसते. थोडं ईएनए मिसळून तेलाचं प्रमाण उतरवा आणि पाणी पुन्हा हळूहळू घाला, 60 टक्क्यांवर एक दिवस थांबून. कोळशातून गाळायचा सल्ला देणारे खूप भेटतील. तो कोळसा तुमचं तिरफळही खाऊन टाकतो. आणि एक ओळखून ठेवा: चमचाभर ईएनए घातल्यावर निवळलं तर ते तेल. पांढरे कण तळाशी बसले आणि ईएनएलाही दाद देत नसतील, तर दोष पाण्यातल्या क्षारांचा.

फॉर्म्युला विकणारे 'कन्सल्टंट' मला पटत नाहीत. त्यापेक्षा काजूच्या मोसमात उर्राक (काजूच्या बोंडांच्या रसाची पहिली दारू) गाळणाऱ्याशेजारी बसा. धार वासावरून कधी तोडायची, हे तिथे नाकाला कळतं.

तिरफळाचे वरचे 25 ग्रॅमही कायमचे धरू नका. सावलीत वाळवलेलं, गेल्या वर्षीचं आणि नुकतंच उतरवलेलं तिरफळ, तिघांत तेल वेगवेगळं असतं. पिशवीवर गाव आणि तोडणीची तारीख लिहा, आणि नव्या लॉटची पहिली खेप 15 ग्रॅमवर घ्या.