रात्री तीनला जाग आली की अंथरूण सोडा

दुपारनंतर चहा बंद, जेवण लवकर, मोबाइल दुसऱ्या खोलीत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दिवेलागणीला काळज्या वहीत उतरवा आणि प्रत्येकीपुढे उद्याचं एक काम लिहा. दहा मिनिटं पुरतात.

खरी अडचण रात्री तीनची. खानापूरकडच्या आमच्या शेताच्या उताऱ्यात नावाची चूक निघाली, तेव्हापासून मला रोज त्याच वेळी जाग येऊ लागली. नोटीस कन्नडमध्ये, ती वाचून घ्यायलाही दुसऱ्याकडे जावं लागलं. कौलांवरचा पाऊस ऐकत, डोळे घट्ट मिटून मी झोपेची वाट बघायचो. “नुसतं पडून राहा, तेवढाच आराम,” असं जो तो सांगायचा. हा सल्ला ऐकून माझे सहा महिने वाया गेले. कृपा करून कुणालाही तो देऊ नका.

काळजीत शरीर धोक्याच्या तयारीत असतं. अ‍ॅड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते. रोज तासन्‌तास असं तळमळत पडलं की अंथरूण म्हणजे जागण्याची जागा, हे मेंदूत पक्कं बसतं. मग दिवसभर पेंगणारा माणूस उशीला डोकं टेकताच टक्क जागा होतो.

म्हणून वीसेक मिनिटं झाली असं वाटलं की उठा. अंदाजानेच, घड्याळ मी भिंतीवरून उतरवूनच ठेवलं. मंद दिव्यात बसून शेंगा फोडा, जुना दिवाळी अंक चाळा. टीव्ही नको, हिशेब तर नकोच. डोळे जड झाले की आडवे व्हा, झोप नाही आली तर पुन्हा उठा. पहिल्या आठवड्यात एका रात्री मी चारदा उठलो. आईला गुडघ्यांमुळे हे जमत नाही, ती अंथरुणातच उठून बसते.

सकाळी मात्र ठरल्या वेळेलाच उठायचं, रात्र कशीही गेलेली असो. दुपारची डुलकी नाही. बहुतेक जण इथेच सोडून देतात. सुरुवातीला दिवसा फार पेंग येते, त्या दिवसांत चोर्ला घाटात गाडी घेऊन जाऊ नका. मला तिसऱ्या आठवड्यात फरक पडला.

आणि जाग आली म्हणून घाबरू नका. गाढ झोप बहुतेक पूर्वरात्रीतच होऊन गेलेली असते.

दारूने झोप लागते, पण मध्यरात्रीनंतर तीच मोडते. दुसऱ्याच्या गोळ्या घेऊ नका. आठवड्यातून तीन रात्री झोप मोडते, असे तीन महिने गेले असतील तर डॉक्टरांकडे जा. धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी रुग्णालय आहे. रात्री जीव फारच घाबरा झाला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.